शेजवळांची सही

प्रफुल्ल दगडू शेजवळ यांची सही एकवीस देशांतल्या बंदरांवर ओळखली जायची, आणि स्वतः शेजवळ गोव्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. गोव्यालाही मेहुण्याच्या लग्नाला गेले होते ते दुसऱ्या दिवशी परत आले, कारण सोमवारी डोंबिवलीत कोणाचा तरी कंटेनर भरायचा होता.

मी मेघना. राहायला डोंबिवलीला, आणि नोकरी वागळे इस्टेटमधल्या खाडीकाठ उद्योग व निर्यात मंडळाच्या ऑफिसात. तिथे एकोणीस वर्षं मी शेजवळांच्या शेजारच्या टेबलावर बसले. मी टाइप करायचे, ते सही करायचे. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला आता पुष्कळ लोक येतात. तेव्हा एकही आला नाही, आणि त्या न आलेल्यांत मी पहिली होते, हे आधीच सांगून टाकते.

आमचं काम काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून नीट सांगते. आपल्या पट्ट्यातला कोणी माल परदेशी पाठवतो, तेव्हा तिकडच्या कस्टमला एक दाखला लागतो, की हा माल खरोखर भारतात तयार झालाय. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. आमच्यासारखी व्यापारी मंडळं तो देतात. अशी मंडळं जगभर हजारोंनी आहेत आणि त्यांची मिळून एक जागतिक संघटना आहे, तिचं ऑफिस कुठल्याशा थंड देशात. ती संघटना मंडळाला गोल शिक्का वापरायची परवानगी देते, आणि सही करणाऱ्या माणसाच्या सहीचा नमुना कार्डावर घेऊन देशोदेशी पाठवते. लग्न जमवताना मध्यस्थ सांगतो ना, "मुलगी मी डोळ्यांनी पाहिलीय," तसलाच प्रकार. आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरावरचा अधिकारी काही वागळे इस्टेटला येत नाही. तो कार्डावरची सही आणि दाखल्यावरची सही शेजारी शेजारी ठेवतो आणि माल सोडतो. आता हे सगळं ऑनलाइन झालंय. मी सांगते ती गोष्ट त्याच्या थोडी आधीची.

बाकीच्या मंडळांत सही करणारे लोक खुर्चीत बसून कागद बघतात आणि शिक्का मारतात. शेजवळांचा हट्ट असा की माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही. जुनी स्कूटर काढून ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत जायचे, शहाडच्या गोदामांत जायचे. वरचा खोका दाखवला तर खालचा उघडायला लावायचे. कारखानदार चहा मागवायचा, हे म्हणायचे, "आधी माल, मग चहा." सगळ्या इस्टेटमध्ये त्यांना 'आधीमाल' म्हणायचे, पाठीमागे आणि कधी तोंडावरही. त्यांना राग यायचा नाही. मला मात्र यायचा, कारण त्यांच्या फेऱ्यांपायी माझं टाइपिंग संध्याकाळपर्यंत लटकायचं.

सही ते मराठीत करायचे. पूर्ण नाव, मधलं वडिलांचं नाव गाळत नसत. आणि पेनाचा एक नेम होता. दर चौदा एप्रिलला ते एक नवं शाईपेन घ्यायचे, घरी फोटोपुढे ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर त्याच पेनाने सही. जुनं पेन ते राहायचे त्या कोपरीतल्या एखाद्या दहावीच्या मुलाला जायचं. एवढं काय त्या सहीचं कौतुक, असं मी एकदा चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी वडिलांची हकीकत सांगितली.

वडील दगडू शेजवळ. आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडच्या एका कारखान्यात हेल्पर होते. तो कारखाना आता नाही. त्यांना लिहायला येत नव्हतं, पगाराला अंगठा द्यायचे. एका दिवाळीच्या आधी मुकादमाने सांगितलं, बोनसचा कागद आहे, अंगठा लाव, आकडा नंतर भरू. कागद कोरा होता. दगडूंनी अंगठा लावला. दिवाळीनंतर गेटवर अडवलं, म्हणाले, तू राजीनामा दिलाय. कोऱ्या कागदावर वरती टाइप केलेलं होतं, 'मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' खाली त्यांचा अंगठा. चौदा वर्षांची नोकरी गेली. शेजवळांच्या आईने, शांताबाईंनी, मग लोकांच्या घरची भांडी घासून प्रफुल्लला शिकवलं, आणि सही करायला शिकला त्या दिवशी त्याच्याकडून एक शपथ घेतली: कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

"बापाचा अंगठा होता, मेघनाताई," शेजवळ म्हणाले. "माझी सही आहे. एवढंच आमच्या घराण्यात पुढे सरकलंय."

शिपाई म्हणून ते मंडळात लागले, रात्रशाळेत बी.कॉम. झाले, आणि बारा वर्षांनी सही करणारे झाले. कमिटीतल्या काहींना ते रुचलं नव्हतं. का, ते कोणी उघड बोललं नाही, पण मला कळत होतं आणि शेजवळांना तर कळतच होतं.

मंडळाचा सचिव अपूर्व. बत्तीस-तेहतिशीचा, बाहेर शिकून आलेला, हुशार. वाईट म्हणता येणार नाही, पण ज्याचं वजन जास्त त्याच्या बाजूला झुकायचा. आणि कमिटीत सगळ्यात वजनदार होते यज्ञेशशेठ. शहाडला त्यांचं मोठं गोदाम. जागतिक संघटनेची दर दोन वर्षांनी कुठेतरी परिषद भरते, तिला मंडळातर्फे हेच जायचे. येताना आम्हा सगळ्यांना की-चेन आणायचे. माझ्या कपाटाला अजून त्यातलीच एक आहे.

त्या वर्षी जानेवारीत यज्ञेशशेठनी स्टीलच्या पाइप फिटिंग्जसाठी दाखला मागितला. शेजवळ शहाडला गेले. तळातला खोका उघडला, एक फिटिंग हातात घेतली, नखाने रंग खरवडला. खाली दुसऱ्या देशाची अक्षरं होती, कानशीने घासलेली, पण पुरती गेलेली नव्हती. त्या देशाच्या मालावर आफ्रिकेत जबर जकात होती, भारताच्या मालावर नव्हती. म्हणून इथे आणायचा, रंग लावायचा, आणि भारताचा म्हणून पुढे पाठवायचा. शेजवळ चहा न घेता परत आले आणि अपूर्वला तोंडी सांगितलं. अपूर्व म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी." त्याने ते लेखी घेतलं नाही. शेजवळांनीही दिलं नाही, आणि तिथे ते चुकले.

आता शेवंतीबाईंचं सांगते. चेंदणी कोळीवाड्यातली बाई, पन्नाशीची, अंगाने किरकोळ पण आवाज सगळ्या बाजाराचा. नवरा दामाजी. त्याची होडी मीठबंदराला उलटी पडलेली, कारण खाडीत आता जाळं टाकलं तर प्लास्टिक वर येतं. शेवंतीबाईंनी अकरा बायकांचा गट केला. उत्तनहून आणि भाऊच्या धक्क्यावरून ओला जवळा आणायचा, स्वच्छ करायचा, मीठबंदराच्या काठी जाळीच्या मांडवावर वाळवायचा. आधी कल्याणच्या बाजारात विकायच्या. मग कोणीतरी सांगितलं की पूर्व आफ्रिकेत अशा सुक्या बारीक मासळीला मोठं गिऱ्हाईक आहे. दोन वर्षं ती बाई कागद जमवत होती. आरोग्याचा दाखला, हा परवाना, तो परवाना. आमच्या ऑफिसात आली की वास यायचा आणि अपूर्व एसी वाढवायचा. शेजवळ मात्र कोपरीत राहायचे, कामाला येताना मुद्दाम मीठबंदराकडून वाट वाकडी करून यायचे आणि रोज त्यांचा मांडव बघायचे. मूठभर जवळा हातात घेऊन चुरायचे, अजून ओलसर आहे म्हणायचे. कधी शिव्या खायचे.

अखेर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिला कंटेनर ठरला. अकरा बायकांनी आपलं होतं नव्हतं ते त्यात घातलं होतं. शुक्रवारी दुपारी कंटेनर भरायचा, काट्यावर वजन करायचं, वजन दाखल्यावर टाइप करायचं, आणि शनिवारी सकाळी कागद बंदरावर. पुढचं जहाज सतरा दिवसांनी. तेवढ्यात मोंबासाचा व्यापारी दुसरीकडून माल घेणार होता, त्याने तसं स्पष्ट कळवलं होतं.

गुरुवारी चार वाजता शेजवळांना हॉस्पिटलातून फोन आला. त्यांची बायको वैशाली हिच्या पिशवीचं ऑपरेशन सहा महिने लांबत होतं. आता बेड मोकळा झाला होता, शुक्रवारी सकाळी सातला दाखल करा म्हणाले. शेजवळांनी फोन ठेवला. सही करणारा दुसरा माणूस मंडळात नव्हता. एक तरी नेमा, असं ते चार वर्षं सांगत होते आणि कमिटी 'बघू' म्हणत होती.

"शेवंतीबाईंचं उद्या कसं व्हायचं, मेघनाताई?"

"वजन आल्याशिवाय मी टाइप काय करणार?"

"हॉस्पिटलला पुढची तारीख मागू का?"

"वेडे आहात का? वैशालीचं रक्त किती गेलंय माहितीय ना?" मी म्हणाले. "असं करा, फॉर्मवर सही करून ठेवा. माल तुम्ही रोज बघताय. उद्या वजन आलं की मी टाइप करते, शिक्का मारते. कोणाचं काय बिघडतंय?"

दगडूंची हकीकत मला माहीत होती. मी काय मागतेय ते मला कळत होतं. तरी मागितलं, कारण मला त्या क्षणी शेवंतीबाई आणि वैशाली दोघी दिसत होत्या, आणि त्यांची शपथ मला जरा अतीच वाटायची.

त्यांनी कोरा फॉर्म पुढ्यात घेतला. क्रमांक ४४१७. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग परत काढलं आणि सही केली. दहा दिवसांचं नवं पेन होतं.

"अजून एक द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"आपला प्रिंटर माहितीय ना, कागद तिरका ओढतो. बिघडला तर मी तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये शोधत येऊ?"

ते हसले. मी त्यांना हसवलं, हे मला अजून आठवतं. त्यांनी ४४१८ वर सही केली आणि म्हणाले, "उरला तर सोमवारी रद्द करू. तोवर तुमच्या खणात ठेवा."

शुक्रवारी वजन आलं, प्रिंटर पहिल्या फटक्यात सरळ चालला, आणि शेवंतीबाईंचा दाखला झाला. तिने माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि शेजवळांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. दुसरा फॉर्म माझ्या खणात राहिला.

वैशालीला ऑपरेशननंतर ताप चढला, टाके पिकले. शेजवळ सोमवारी आले नाहीत, पुढचे दहा दिवस आले नाहीत. मंगळवारी अपूर्व माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, शेजवळांनी सही केलेला एक फॉर्म आहे ना तुमच्याकडे? शेठचं अर्जंट आहे. माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

माझ्या बडबडीतूनच त्याला कळलं असणार. शुक्रवारी जेवताना मीच सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं, की आधीमालांनी पहिल्यांदा कोरी सही केली. मी खण उघडला आणि फॉर्म दिला. त्याने बिल पुढे केलं, मी टाइपही केलं: स्टेनलेस स्टील पाइप फिटिंग्ज, उत्पादन भारत, गोदाम शहाड. खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत असते, तीही घातली. शेजवळांना एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. बायको आजारी असलेल्या माणसाला कशाला त्रास द्या, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण असं की फोन केला तर ते 'नाही' म्हणतील, हे मला ठाऊक होतं, आणि मग अपूर्वला ते सांगायचं कोणी?

शेजवळ परत आले ते बायकोच्या काळजीत; दुसऱ्या फॉर्मचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मेच्या अखेरीला जागतिक संघटनेची मेल आली. मोंबासाच्या कस्टमने फिटिंग्ज पकडल्या होत्या. रंगाखाली अक्षरं सापडली होती, जशी शेजवळांना नखाने सापडली होती तशीच. दाखला क्रमांक ४४१८. मग त्यांनी त्याच दाखल्याच्या अलीकडचा नंबर बघितला, तीच सही, चारच दिवसांचं अंतर, तेच बंदर, आणि ४४१७ चा मालही अडकवून ठेवला. संघटनेने दोन्ही क्रमांकांपुढे एकच प्रश्न छापून पाठवला होता: सही करणाऱ्याने माल पाहून, दाखला पूर्ण भरल्यावर सही केली का? हो किंवा नाही. खाली सही. मुदत सात दिवस.

अपूर्वच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. तो, यज्ञेशशेठ, शेजवळ, आणि नोंदी घ्यायला मी.

शेजवळांनी कागद वाचला. "हा चव्वेचाळीस अठरा मी कधी दिला?"

"सही तुमचीच आहे ना?" अपूर्व म्हणाला.

"माझीच आहे."

मग ते माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत बघत होते. त्यांना सगळं कळलं. मंडळात टाइप करणारी मी एकटीच होते.

"साहेब, टेन्शन कशाला घेता?" यज्ञेशशेठ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते शेजवळांना साहेब म्हणत होते. "दोन ठिकाणी 'हो'वर टिक करायचं. तुमचा शब्द तिकडे चालतो, एकतीस वर्षांचं नाव आहे. दोन्ही कंटेनर सुटतील. ती कोळीण पण सुटेल, मंडळाचा शिक्का पण वाचेल. नाहीतर सगळ्यांचीच वाट."

"आणि रंगाखालची अक्षरं?"

"सप्लायरने फसवलं, असं मी सांगेन. माझं मी बघतो."

शेजवळ म्हणाले, सात दिवस आहेत, मी विचार करतो.

दुसऱ्या दिवशी शेवंतीबाई आली. तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही, पण यज्ञेशशेठचा ड्रायव्हर मीठबंदराकडचाच आहे. ती बसली नाही.

"साहेब, मना सांगा, आमचा माल खोटा हाय का?"

"नाही, शेवंतीबाई. खरा आहे. मी रोज पाहिलाय."

"मग हो म्हना ना! एक शब्द लिवायचा हाय तुमाला. अकरा घरांचा माल हाय त्यान. माज्या सुनेनी मंगळसूत्र दिलंय."

"तुमच्या मालाचं मी खरंच लिहिणार आहे."

"मग सुटल ना?"

"माहीत नाही."

"माहीत नाय कसा? तुमची सही जगान चालते ना?" तिचा आवाज फाटला. सगळं ऑफिस बघत होतं. शेजवळ उभे राहिले, हात जोडले, आणि तसेच उभे राहिले. ती गेली तरी थोडा वेळ त्यांचे हात जोडलेलेच होते.

मी त्यांना जिन्यात गाठलं. मी खूप चिडले होते, आणि कोणावर ते सांगायची लाज वाटत होती. "चव्वेचाळीस सतरावर 'हो' करा, अठरावर 'नाही' करा. संपला विषय! जवळा तुम्ही पाहिलाय, खोटं कुठे आहे त्यात?"

"भरताना पाहिला नाही. फॉर्म कोरा होता."

"त्यांना कोण सांगणार आहे?"

"एकावर खोटं लिहिलं, मेघनाताई, तर दुसऱ्यावरचं 'नाही' तरी कोण खरं मानेल? मग रंग लावलेला माल पण चालून जाईल." ते जिन्याच्या कठड्याला टेकले. "आईने शपथ घेतली तेव्हा मला वाटायचं, ती लोक आपल्याला फसवतील म्हणून घेतेय. आपल्या कोऱ्या सहीने दुसऱ्याचं घर बुडतं, हे तेव्हा कळलं नव्हतं."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की फॉर्म मी मागितला, मी दिला, मी टाइप केला, माझं नाव घ्या आणि तसं लिहा. निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली होती. मुलीचं, मैथिलीचं, लग्न ठरत होतं. मी गप्प बसले.

त्यांनी कागदावर हो किंवा नाही, कशावरच टिक केली नाही. समासात लिहिलं. ४४१७: माल वाळताना रोज पाहिला, खरा आहे, भारतातला आहे, कंटेनर भरताना हजर नव्हतो, सही आधी कोऱ्या फॉर्मवर केली होती. ४४१८: माल जानेवारीत पाहिला होता, तो भारतातला नाही, म्हणून दाखला नाकारला होता, हीदेखील माझी कोरी सही आहे. चूक माझी. माझं नाव त्यात कुठे नव्हतं. अपूर्वचंही नव्हतं, कारण त्याचं घ्यायचं तर माझं आलंच असतं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. संघटनेने प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते, एका ओळीत. पुढे असं, की दोन्ही दाखले रद्द, आणि प्रफुल्ल दगडू शेजवळ यांचा सहीचा नमुना यादीतून काढण्यात येत असून सर्व देशांना तसं कळवण्यात येत आहे. मंडळाने नवीन माणसाचा नमुना पाठवावा, मंजुरीला आठ आठवडे लागतील. समासात लिहिलेल्या मजकुराबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांच्या तक्त्यात समासाला रकाना नसावा.

आठ आठवडे जवळा थांबत नाही. मोंबासाला पावसाळी दमट दिवस, बंद लोखंडी कंटेनर. व्यापाऱ्याने माल घ्यायला नकार दिला. जुलैमध्ये शेवंतीबाईला मोबाइलवर एक फोटो आला, तो तिने मला बाजारात दाखवला. कचऱ्याच्या जागेवर ओतलेला काळा ढीग, त्याला बुरशीची पांढरी साय. ती तो मोठा करून करून बघत होती, जणू त्यात तिचा हातचा एखादा दाणा ओळखू येणार होता. गट मोडला. तिची सून माहेरी गेली, ती अजून आलेली नाही.

यज्ञेशशेठनी सप्लायरकडे बोट दाखवलं, तिकडे दंड भरला, आणि माल तिसऱ्याच देशात विकला. कमिटीत ते अजून आहेत. पुढच्या परिषदेला तेच गेले, आणि या खेपेस मी की-चेन घेतली नाही, एवढा एक पराक्रम माझ्या नावावर आहे.

शेजवळांना काढायचं नाही, असं कमिटीने ठरवलं. काढलं तर चौकशी करावी लागली असती. अपूर्वने मला केबिनमध्ये बोलावून मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' टाइप करताना माझी बोटं अडखळली नाहीत. एकोणीस वर्षांची सवय होती.

शेजवळांनी तो कागद उभ्यानेच वाचला. पहिली ओळ वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली, मग परत तीच ओळ वाचली. पेन खिशाला होतं, त्याच एप्रिलचं. अपूर्वने कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

"स्टॅम्प पॅड द्या," शेजवळ म्हणाले.

"शिक्का नकोय, सर. फक्त सही."

"सही रद्द झालीय माझी. सगळ्या देशांना कळवलंय. इथे तरी कशी चालेल?"

स्टॅम्प पॅड माझ्या टेबलावरचाच, निळ्या शाईचा. मी तो उघडून पुढे धरला. शेजवळांनी डावा अंगठा शाईत दाबला, नीट, कडेपर्यंत, आणि स्वतःच्या नावाखाली टेकवला. कागद सरकत होता म्हणून तो मी धरला. मग त्यांनी रुमालाने अंगठा पुसला आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "मैथिलीला द्या," म्हणाले. मैथिलीला ते पेन मी कधीच दिलं नाही. माझ्या खणात होतं, आता घरी आहे.

शेजवळ कोपरीतच राहतात. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून देतात. अक्षर अजून तसंच सुंदर आहे. सहीची जागा आली की कागद समोरच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, आधी सगळं वाचून घ्या. मीठबंदराकडून मात्र आता जात नाहीत.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाला यज्ञेशशेठ भाषण करून गेले. जायच्या आधी मी जुन्या फायली लावून ठेवल्या, तेव्हा दोन कागद परत हाताखाली आले. एक राजीनामा, त्यावर निळा अंगठा. एक दाखला क्रमांक ४४१८ ची कार्यालयीन प्रत. दोन्हींच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं आहेत, आणि ती माझी आहेत. जागतिक संघटनेने विचारलं नाही, कमिटीने विचारलं नाही, शेजवळांनीही विचारलं नाही. मी दोन्ही कागद पुन्हा फायलीत लावले आणि कपाट बंद केलं.